दोन विती, चार बोटं

रोह्याच्या बाजारात आज सकाळी भांबुर्डा दिसला. दिसला म्हणणं तितकंसं खरं नाही; आधी वास आला आणि मग मी मान वळवली. रस्त्याच्या कडेला डोंगराकडच्या वाडीतली एक बाई पोतं पसरून बसली होती. पोत्यावर एका अंगाला वालाच्या शेंगांचा ढीग आणि दुसऱ्या अंगाला या पाल्याच्या जुड्या, मुळांना अजून ओली माती. भांबुर्डा हा तसा बिनमानाचा पाला. भाजीत पडत नाही, देवाला चालत नाही, गुरंसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पण पौष लागला, शेतात वालाच्या शेंगा भरल्या, की या उग्र वासाच्या रोपट्याला आमच्या रायगडात एकदम भाव येतो. तुमच्याकडे हुरडा असेल, आमच्याकडे पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये कांदे-बटाटे, अंडी, ज्यांना चालते त्यांची कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्ड्याचाच घट्ट बोळा. मडकं शेतातच पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नसतो. सगळं शिजतं ते त्या पाल्याच्या वाफेवर.

मी दोन जुड्या घेतल्या. बाईनं विचारलं, "कुठं लावनार पोपटी? रोह्यात?" मी म्हटलं, "नाही, जिते गावाला. काकीकडं." खरं तर तोपर्यंत माझं जायचं काही ठरलं नव्हतं. शाळेला सुट्टी होती, घरी वह्या तपासायला पडल्या होत्या. पण पिशवीतून वास येत राहिला आणि पाय घराकडे वळायच्या ऐवजी स्टेशनाकडे वळले. पाय असे आपसूक वळतात, याचं कौतुक करायला मी शिकलो तो काकांमुळे. त्याआधी चालणं ही कौतुकाची गोष्ट आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

काका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, रेल्वेत कीमन होते. गावात त्यांना चावीवाला म्हणत. रुळांना खालच्या आडव्या पट्ट्यांशी, म्हणजे स्लीपरांशी, धरून ठेवणाऱ्या चाव्या असतात. गाड्यांच्या धडधडीनं त्या ढिल्या होतात. खांद्यावर हातोडा, काखेत गुंडाळलेलं लाल आणि हिरवं निशाण, अशा थाटात काका सकाळी निघायचे आणि आपल्या वाट्याची लाईन पायी तपासत जायचे. एखादी चावी हलली की ठण्ण. पुढे चालायचं, पुन्हा ठण्ण. उन्हात, थंडीत, वडखळकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात, बत्तीस की तेहतीस वर्षं. खडीवरून चालणं पायांना त्रासाचं, म्हणून कीमन चालतो स्लीपरांवरून. एका स्लीपरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. स्लीपर काही माणसाचं पाऊल मोजून टाकलेले नसतात. माणसालाच आपलं पाऊल त्यांच्या मापाचं करून घ्यावं लागतं. काकांनी ते करून घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी शेतावर जाताना, लग्नाच्या वरातीत, अगदी नदीवर आंघोळीला जातानासुद्धा त्यांची चाल तीच असायची: आखूड, नेमकी, एकसारखी. लहानपणी मी त्यांच्या मागून चालायचो आणि माझी पावलं त्यांच्या पावलांत बसवायचा प्रयत्न करायचो. दहा-बारा पावलांत माझा ताल चुकायचा. ते मागे न बघता म्हणायचे, "पडलास खडीत!"

भात कापून झालं की काका त्याच जमिनीत वाल पेरायचे आणि दरवर्षी पोपटी लावायचे. मडकं भरायचा मान त्यांचा. मान कुणी दिला नव्हता, त्यांनीच घेतला होता. दुसऱ्या कुणी शेंगांचा थर लावला, तर ते सगळं उपसून पुन्हा भरायचे. पाल्याचा बोळा किती घट्ट दाबायचा, यावर त्यांचं आणि काकीचं दरवर्षी भांडण व्हायचं आणि दरवर्षी काकाच जिंकायचे, कारण मडकं त्यांच्या मांडीत असायचं. शेवटी तापल्या मडक्यावर पाण्याचे शिंतोडे उडवून, चर्र आवाज कानानं पारखून ते म्हणायचे, "झाली. काढा." ते म्हणेपर्यंत जाळाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी त्यांना कंपवात जडला. पनवेलच्या डॉक्टरांनी पार्किन्सन हा शब्द सांगितला. काकी तो शब्द कधीच म्हणाली नाही, ती म्हणायची "त्यांचा थरथराट". पण खरं दुखणं थरथरीचं नव्हतंच. हात थरथरतो तो लोकांना दिसतो, त्याची दया येते. पाय थिजतात ते कुणाला कळतच नाही. काका पडवीतल्या खाटेवरून उठायचे, दोन पावलं टाकायचे आणि दारापाशी आले की उभेच्या उभे राहायचे. टाचा उचलायच्या, गुडघे थरथरायचे, धड पुढे झुकायचं, पण पावलं जमिनीला चिकटलेली. आपण म्हणायचं, "चला ना काका." तेही मनातल्या मनात तेच म्हणत असणार. पाय ऐकत नसत. बत्तीस वर्षं ज्या माणसानं लाईन चालली, तो घराच्या उंबऱ्यापाशी गाडी अडल्यासारखा अडून राहायचा.

आणि आता कबूल करायला लाज वाटते ते सांगतो. आम्हाला वाटायचं, काका सोंग करतात. वाटायला कारण होतं. सकाळी न्याहारीला बोलावलं की ते पडवीतून चालत चालत थेट स्वयंपाकघरात जायचे, काही अडचण नाही. तीच पडवी, तेच अंतर. दुपारच्या जेवणाला मात्र पाय निघायचे नाहीत. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, कंपनीत शिफ्ट करून दमून आलेला असायचा. तो वैतागून म्हणायचा, "सकाळी बरे चालतात, दुपारी काय होतं? सगळ्यांनी मागं-पुढं करायला पायजेल, बाकी काय नाय." मी रोह्याहून महिन्यातून एकदा येणारा पाहुणा. मी त्याला गप्प करायला हवं होतं. मी मान डोलावली. काका समोरच बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हल्ली काही उमटतच नसे, तोही त्या आजाराचाच भाग, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, त्यांना काही लागलं नाही.

त्याच वर्षीच्या पोपटीला आम्ही त्यांना खुर्चीत घालून शेतावर नेलं. प्लास्टिकची पांढरी खुर्ची, चार जण उचलणारे, त्यातला उजवीकडचा पुढचा मी. आम्हाला आमच्या या युक्तीचं कोण कौतुक! हसत, ओरडत, रेल्वेच्या साहेबाला रुळांवरून ढकलत नेतात तसं "चला, चला, साहेबांची ट्रॉली आली" म्हणत आम्ही बांधावरून गेलो. वाटेत शेजारीपाजारी बघत होते. आम्ही जाळाजवळ खुर्ची ठेवली, मडकं पुढ्यात दिलं. काकांनी मडक्याला हात लावला नाही. शेंगाही खाल्ल्या नाहीत. खुर्चीत वाकडे होऊन ते पलीकडच्या रेल्वे लाईनकडे बघत बसले. परत आल्यावर काकीला एवढंच म्हणाले, "पुढल्या साली मी माझ्या पायानं गेलो तर गेलो. नायतर मी असेपर्यंत माझ्या शेतात पोपटी लावायची नाय." काकीनं हे मला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, ह्यांनी आयुष्यात कदी काय मागितला नाय रे. येवढाच मागतान."

गाठ सुटली ती काकीमुळे. पेणला व्यायाम शिकवणाऱ्या एक फिजिओथेरपीच्या बाई होत्या, बाई कसल्या, माझ्या शाळेतून चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलींच्या वयाची मुलगीच. तिनं काकीला सांगितलं, ते कुठं अडतात आणि कुठं अडत नाहीत, ते नीट बघून मला सांगा. आम्ही शिकलेले लोक डॉक्टरांना फक्त अडचण सांगतो. अडचण कुठं नाही, हे कुणी विचारलं नव्हतं आणि आम्ही बघितलं नव्हतं. काकीनं आठवडाभर बघितलं. मग पेणला जाऊन तिनं सांगितलं ते ऐकून मी, चित्रकलेचा मास्तर, खजील झालो. पडवीला पूर्वेकडून उभे लाकडी गज आहेत. सकाळचं ऊन त्यातून आत आलं की जमिनीवर गजांच्या सावल्या आडव्या पडतात, एकीपुढे एक, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. काकी म्हणाली, "हे सावल्यांवरून चालतान. ऊन वरती गेला, सावल्या गेल्या, का ह्यांचे पाय गेले." जन्मभर उजेड-सावली शिकवणारा मी त्या पडवीत शंभरदा बसलो असेन. मला ते दिसलं नव्हतं.

त्या मुलीनं मग आम्हाला समजावून सांगितलं. या आजारात पाय अधू होत नाहीत, आपसूक चालण्याची जी सवय असते, तिचा निरोप मध्येच कुठेतरी अडकतो. पण डोळ्यांना खूण दिली किंवा कानाला ठेका दिला, तर मेंदू दुसऱ्या वाटेनं निरोप पाठवू शकतो. मग माणूस नुसता चालत नाही, तो रेघ ओलांडतो. आणि रेघ ओलांडताना चालणं आपोआप होऊन जातं. जमिनीवर आडव्या रेघा काढा, ती म्हणाली. कुठे अडलेच तर ओढू नका, ढकलू नका. समोर काहीतरी आडवं ठेवा, काठी म्हणा, दोरी म्हणा, काहीही. आणि हेही तिनं स्वच्छ सांगितलं की यानं आजार बरा होणार नाही. औषधं वेळेवर लागतीलच, आणि एक दिवस असा येऊ शकतो की रेघाही कामाच्या राहणार नाहीत. काका हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे स्लीपर टाकायचे." ती मुलगी म्हणाली, "हो आजोबा, स्लीपरच." घरी परतताना काका रिक्षात डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा उजवा पाय हलकेच काहीतरी मोजत होता.

रेघा काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आणि मी त्यात माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. राखाडी कोब्यावर कुठला रंग उठून दिसेल? लाल. मी रोह्याहून झकास लाल ऑइलपेंट नेला, सुंभाच्या दोरीनं आखून, टेप लावून, एका रविवारी सगळी पडवी रंगवली. काय सुरेख दिसत होतं! दुसऱ्या दिवशी वाळल्यावर काकांना खाटेवरून उठवलं. ते पहिल्या रेघेपाशी आले आणि ठप्प उभे राहिले. नेहमीचं थिजणं वेगळं, त्यात टाचा तरी उचलल्या जात. हे नुसतं उभं राहणं होतं. मी म्हटलं, "टाका पाऊल, काका." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना गाडीखाली जायला सांगतोय. म्हणाले, "लाल हाय रे. लालावर पुढं जायचा नसतो." काकी पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग मी, आणि मग, कितीतरी महिन्यांनी, काकाही. ज्या माणसानं रूळ तडकलेला दिसला की लाल निशाण रोवून गाड्या थांबवल्या, त्याच्या वाटेवर मी एकापुढे एक लाल निशाणं पसरली होती.

दुसरा रविवार लाल खरवडण्यात गेला. तिसऱ्या रविवारी पांढरा आणला. या वेळी माप काकीनं घेतलं. सकाळी सावल्यांवरून काका चालत असताना ती मागून गेली आणि त्यांच्या पावलांमधलं अंतर विती लावून मोजलं. दोन विती आणि चार बोटं. स्लीपरच्या मापापेक्षा ते थोडं कमीच भरलं. काकांना ते खटकलं, ते म्हणाले, "कुठल्या लाईनीला असले जवळजवळ स्लीपर असतान गो?" काकी म्हणाली, "या लाईनीला." मग तिनं निरगुडीची एक काठी त्या मापाची तोडून घेतली आणि मी तिच्या काठीबरहुकूम रेघा काढल्या. तिसऱ्या की चौथ्या रेघेला माझा हात जरा वाकडा गेला, तर काकांनी खाटेवरून सांगितलं, "तो पुसून काढ. गाडी उतरंल."

आणि काका चालले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण दुपारी बारा वाजता, सावली नसताना, खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत माणूस एकटा चालत आला आणि त्यानं आपल्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला, तेव्हा काकी चुलीकडे तोंड करून रडली. चुलतभाऊ शिफ्टवरून आला, त्यानं हे बघितलं आणि तो बापाच्या शेजारी जाऊन बसला. मला त्याच्यासारखं तेवढंही सुचलं नाही. मी ब्रश धुवत बसलो.

पुन्हा जानेवारी आला. घरापासून शेतापर्यंतची वाट फार नाही, पण घरासारखी सपाटही नाही; आधी मातीचा रस्ता, मग वालाच्या शेतातली अरुंद पायवाट. पोपटीच्या आदल्या संध्याकाळी मी आणि काकी काठी घेऊन निघालो. ती काठीनं माप टाकायची आणि मी चुन्याची रेघ ओढायचो, कबड्डीचं मैदान आखतात तशी. लोक विचारत, काय स्पर्धा आहे का? काकी म्हणायची, "व्हय. उद्या या बघायला." ती हे गमतीनं म्हणत होती, पण दुसऱ्या दिवशी दुपार कलताना खरोखरच पाच-पंचवीस माणसं वाटेवर उभी होती. त्यातली बरीचशी गेल्या वर्षीची खुर्ची बघायलाही उभी होती.

काका निघाले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात नुसती आधाराची काठी. मी मागे, काकी बाजूला. रेघ, पाऊल. रेघ, पाऊल. मातीचा रस्ता संपला, पायवाट लागली, वालाची रोपं दोन्ही बाजूंनी पोटरीला लागायला लागली. पलीकडे पेंढ्याचा ढीग आणि पालथं घालायचं नवं मडकं दिसत होतं. आणि पायवाटेच्या मध्यावर काका थांबले. पुढे रेघा नव्हत्या. सकाळी कुणाच्या तरी म्हशी त्या वाटेनं पाण्यावर गेल्या होत्या आणि वीस-बावीस पावलांचा चुना खुरांनी मातीत मिसळून टाकला होता. मी चुना जादा आणला नव्हता. मापाची काठी घरी राहिली होती, आणि ती मीच दाराआड ठेवली होती. काकांच्या हातातली काठी काढून घेतली असती, तर ते पडलेच असते.

काकांचे गुडघे थरथरायला लागले. धड पुढे झुकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पडतील, उचला. खुर्ची आणा रे." आणि माझे हात, मला न विचारता, त्यांच्या काखेत गेले. काका म्हणाले, "हात लावू नको." आवाज इतका बारीक होता की तो फक्त मला आणि काकीलाच ऐकू आला असेल. मी हात काढून घेतले. आयुष्यात मी काही थोडी शहाणपणाची कामं केली असतील, तर त्यातलं ते एक. पण हात काढून घेतल्यावर काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

काकी वालात उतरली. जी बाई शेंगेच्या रोपावर आमचा पाय पडला तर दिवसभर बोलायची, ती रोपं तुडवत काकांच्या बाजूला पुढे गेली, लुगडं घोट्यावर घेतलं आणि आपला उजवा पाय पायवाटेवर त्यांच्या पावलांसमोर आडवा ठेवला. पायात जोडवी, बोटांना भेगा, भेगांत कालचा चुना. म्हणाली, "या."

आमच्याकडे माणसाला ओलांडत नाहीत. झोपलेल्या पोरालासुद्धा वळसा घालून जातात, चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात. काका तिच्या पायाकडे बघत राहिले. म्हणाले, "तुला कसा वलांडू गो?"

"मी सांगते हाय ना," काकी म्हणाली. "त्या पोरीनं काय सांगितलान? कायपन आडवा ठेवा. माझा पाय काय कायपन नाय?"

काकांनी पाऊल उचललं. तिच्या पायावरून ते पलीकडे पडलं. काकीनं पाय काढून घेतला, एक पाऊल पुढे सरकली आणि पुन्हा आडवा ठेवला. पुन्हा पाऊल. तिनं मोजमाप काही केलं नव्हतं, तरी प्रत्येक वेळी तिचा पाय नेमका तिथेच पडत होता, दोन विती आणि चार बोटांवर. सातव्या-आठव्या खेपेला वालात वाकडं उभं राहून तिची पोटरी लटपटायला लागली. काका थांबले. मला वाटलं, झालं. तर ते म्हणाले, "या स्लीपरची चावी ढिली झाली हाय." काकी हसली तशी आणखीच लटपटली, आणि वाटेवरची सगळी माणसं हसली, आणि मी हसता हसता रडत होतो हे मला शेजारच्यानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. उरलेली वाट त्यांनी तशीच पार केली. म्हशींनी सोडलेला चुना पुन्हा दिसायला लागला तेव्हा काकी बाजूला झाली आणि शेवटची पावलं काका एकटे चालत गेले.

त्या दिवशी मडकं त्यांनीच भरलं. हात थरथरत होते, शेंगा सांडत होत्या, एका थराला चांगली पंधरा मिनिटं लागली. कुणी मदत केली नाही आणि कुणी घाई केली नाही. बोळा किती दाबायचा यावरून भांडणही झालं. जाळ उतरणीला लागला तसे त्यांनी मडक्यावर पाण्याचे शिंतोडे उडवले, कान लावला आणि म्हणाले, "झाली. काढा."

त्यानंतर काका तीन पोपट्यांना चालत गेले. दरवर्षी वाट लांबत गेल्यासारखी वाटायची. ती मुलगी म्हणाली होती तसंच झालं. हळूहळू रेघा कमी पडायला लागल्या. शेवटच्या वर्षात पडवीतून ते कसेबसे येत, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी हमखास अडत. तिथे रेघेचाही उपयोग होत नसे. तेव्हा काकी आतल्या बाजूला उंबऱ्यालगतच विळी घेऊन बसायला लागली. त्यांची पावलं जवळ आली की भाजी चिरता चिरता, वर न बघता, ती पाय लांब करून उंबऱ्यासमोर आडवा ठेवायची. ते ओलांडून आत यायचे. याला त्या घरात कुणी उपचार म्हणत नव्हतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी काका गेले. जायच्या चार दिवस आधीपर्यंत त्यांनी तो पाय ओलांडला होता.

आज जित्याला उतरलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. मी हाक न मारता पडवीत शिरलो. काकांची खाट उभी करून भिंतीला लावलेली. रेघा तशाच आहेत. मध्यावर झिजून कोबा दिसतो, कडांना पांढऱ्या. त्या चुकवून चालायचं म्हटलं तरी जमत नाही, डोळे त्यांच्यावर जातात आणि पाऊल तिथेच पडतं. माझी चाल तशी लांब ढांगांची. पण त्या पडवीत पाच-सहा पावलांत ती आखूड झाली, नेमकी झाली, एकसारखी झाली. लहानपणी ज्या तालाच्या मागे धावून मी दरवेळी खडीत पडलो, तो मला आता सापडला होता. माणूस जातो तेव्हा त्याचा आवाज जातो, अंगाचा वास जातो, थोड्या दिवसांनी चेहराही आठवून आठवून आणावा लागतो. पावलांमधलं अंतर मात्र जमिनीवर राहू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी उंबऱ्यापाशी आलो. काकी आत विळीवर बसली होती, पाठ अर्धी माझ्याकडे. पावलांचा आवाज तिनं ऐकला असणार. तिनं वर बघितलं नाही. चिरता चिरता तिनं पाय लांब केला आणि उंबऱ्यासमोर आडवा ठेवला.

मी थांबलो. मग तिच्याही लक्षात आलं. तिनं मान वळवली, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या भांबुर्ड्याकडे बघितलं. पाय मागे घेतला नाही. मी तो ओलांडला नाही. भांबुर्ड्याच्या जुड्या खाली ठेवल्या आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. ती म्हणाली, "शेंगा हायत घरात. मडका तेवढा बघायला लागंल."